पितळेचे आटे

मराठी भाषेने पितळेवर मोठा अन्याय केला आहे. ‘अखेर त्याचे पितळ उघडे पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा वर सोन्याचा मुलामा आणि आत खोटेपणा, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या धातूच्या घागरींतून आपल्या आज्यांनी पाणी वाहिले, ज्याच्या समया देवापुढे जळल्या आणि दिवाळी जवळ आली की जो चिंचेच्या कोळाने घासता घासता घरातल्या बायकांचे हात भरून येत, त्याच्या वाट्याला भाषेत यावी ती ही जागा! मी आज ज्या पितळेविषयी लिहिणार आहे ते तर जन्मभर झाकलेलेच राहते. ते कधी उघडे पडत नाही. ते जेथे असायला हवे तेथे नसले, की मात्र काही तरी उघडे पडते. आणि ते नेमके कोणाचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

वस्तू अगदी क्षुल्लक आहे. तुरीच्या दाण्याएवढी पितळेची एक नळी. आतून आटे पाडलेली, बाहेरून कानशीसारखी खरखरीत केलेली. प्लास्टिकच्या वस्तूत जेथे स्क्रू बसायचा असतो तेथे ती रुतवून ठेवतात, म्हणजे स्क्रू प्लास्टिकमध्ये न फिरता या पितळेत फिरतो. कारखान्यात तिला ‘इन्सर्ट’ म्हणतात. बहुतेक वाचकांनी ती पाहिलेली नसेल, पण तिचे भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरात आहेत. कढईवरचे झाकण उलटे करून पाहा. मध्यभागी स्क्रूचे डोके दिसेल. तो स्क्रू वरच्या काळ्या मुठीत शिरतो, आणि मूठ चांगल्या कारागिरीची असेल तर तिच्या पोटात धातूचे आटे बसवलेले असतात. ही काळी मूठ बॅकेलाइटची. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेत हा पदार्थ तयार केला. तो एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, आणि त्यातून वीजही वाहत नाही. म्हणून मुठींना आणि विजेच्या बटणांना तो मानवला. पण तो ठिसूळ. त्याच्यात थेट आटे पाडावेत तर चार वेळा स्क्रू फिरवल्यावर आट्यांच्या कडा पिठासारख्या गळू लागतात. म्हणून साच्यात आधी धातूचा तुकडा उभा करायचा आणि त्याच्याभोवती बॅकेलाइट दाबून भरायचे, ही युक्ती फार जुनी आहे.

आट्यांना आपल्याकडे ‘मळसूत्र’ असा एक सुरेख शब्द होता. कानातल्या कुडीची फिरकी मळसूत्री असे, आणि सोने मऊ असल्यामुळे रोजच्या काढघालीने ते मळसूत्र झिजून एक दिवस कुडी कानातून केव्हा पडली ते कळतही नसे. सोनाराकडे जाऊन दांडी बदलून आणावी लागे. मला या मळसूत्राचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. खिळा ठोकणारा आणि डिंक लावणारा दोन वस्तू जोडून मोकळे होतात. स्क्रू लावणारा मात्र, ही वस्तू पुन्हा केव्हा तरी, कोणी तरी उघडील, हे मान्य करून ती बंद करतो. तो कोणी तरी बहुधा अनोळखी असतो. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकाराने १८४१ साली आट्यांचे एकच माप सगळ्यांनी पाळावे असा आग्रह धरला, त्याच्या आधी एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच असे नव्हते. आज तीन मिलिमीटरचा साधा स्क्रू जामनगरात करा नाही तर जपानात, एका फेऱ्याला तो अर्धा मिलिमीटरच पुढे सरकतो. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडणार नाही अशा माणसांनी एवढा विश्वास पाळावा, ही गोष्ट मला कित्येक तहनाम्यांपेक्षा मोठी वाटते.

प्लास्टिकच्या वस्तूत स्क्रूसाठी आतून एक पोकळ खुंटी उभी केलेली असते. कारखान्यात त्या खुंटीला ‘बॉस’ म्हणतात. मालकालाही तेच म्हणतात, आणि दोघांवरही गरजेपेक्षा जास्त जोर देऊन चालत नाही असे तेथले कामगार सांगतात. स्वस्त वस्तूंत या खुंटीत काही न बसवता धारदार आट्यांचा स्क्रू तसाच पिळून घालतात. तो आपल्यापुरते आटे प्लास्टिकमध्ये स्वतःच कापून घेतो. पहिल्या खेपेला तो इतका घट्ट बसतो की पितळेची गरजच काय, असे वाटावे. पण प्लास्टिकचा स्वभाव लोखंडासारखा नाही. त्याच्यावर सतत दाब ठेवला तर ते न तुटता, न वाकता, महिनोन् महिने अगदी हळू सरकत राहते आणि स्क्रूची पकड आपोआप सैल होते. शिवाय दर वेळी स्क्रू काढून घातला की त्या मऊ आट्यांचा थोडा थोडा भाग सोलून निघतो. मग एक दिवस स्क्रू नुसताच फिरतो. लहान मुलांच्या खेळण्यातले सेल बदलताना हा अनुभव घरोघर आलेला आहे. त्यावर आगकाडीचा तुकडा भोकात घालणे, दोरा गुंडाळणे, एम-सील भरणे असे आपले घरगुती उपायही ठरलेले आहेत.

पितळेची नळी प्लास्टिकमध्ये टिकून राहते ती कशाच्या बळावर? या नळीवर दोन संकटे येतात. स्क्रू पिळताना ती स्वतःच गोल फिरू पाहते, आणि स्क्रू ओढला गेला की ती बाहेर येऊ पाहते. उभ्या रेघा कोरल्या तर ती फिरत नाही, पण सरळ बाहेर निसटते. आडवी खाच पाडली तर ती निसटत नाही, पण फिरते. म्हणून चांगल्या इन्सर्टवर तिरप्या रेघांचे दोन पट्टे असतात, एकाचा कल डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि मधे एक खाच. प्लास्टिक तापून मऊ झाले की या रेघांत आणि खाचेत शिरते, आणि निवल्यावर तेथेच धरून बसते. ते तापवण्याचे प्रकार अनेक आहेत. मोठ्या कारखान्यात सेकंदाला वीस हजार कंपने करणारे यंत्र इन्सर्टवर टेकवतात. घर्षणाने प्लास्टिक वितळते आणि सेकंदाभरात काम होते. तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचा असतो.

साधा प्रकार मी आमच्या शाळेतच पाहिला आहे. केंद्र सरकारने २०१६ साली अटल टिंकरिंग लॅबची योजना काढली आणि एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. त्यामुळे वस्तू छापून काढणारे थ्री-डी प्रिंटर खेड्यापाड्यांतल्या मुलांच्याही हाती आले. आठवीतल्या मुली अशा छापलेल्या डबीत इन्सर्ट बसवतात. भोकावर इन्सर्ट ठेवायचा, रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ते तापलेले सोल्डरिंग आयर्न त्याच्यावर टेकवायचे, आणि थांबायचे. जोर लावायचा नाही. पितळ तापते, भोवतालचे प्लास्टिक मऊ होते, आणि आयर्नच्या स्वतःच्या वजनाने इन्सर्ट आत उतरू लागतो. जी मुलगी घाई करते तिचा इन्सर्ट वाकडा जातो आणि वितळलेले प्लास्टिक भोकाच्या तळाशी साचून आटे बुजतात. थोडासा वर राहिला असताना आयर्न काढून एखादी सपाट पट्टी वर दाबून धरली, की तो पृष्ठभागाच्या बरोबरीला येऊन निवतो. तो पृष्ठभागाखाली बुडालेला मात्र चालत नाही, कारण मग वरचे झाकण आणि पितळ यांच्यामध्ये पोकळी राहते. अशा जागी स्क्रू जसजसा घट्ट करावा, तसतसा तो इन्सर्टला वर ओढतो आणि शेवटी मुळासकट उपटून काढतो.

साच्यातच पितळ ठेवून भोवती प्लास्टिक ओतण्याची पद्धत दिसायला सर्वांत भक्कम, पण तिच्यात एक खोच आहे. निवताना प्लास्टिक पितळेच्या मानाने सुमारे चौपट आकसते. आतले पितळ मागे हटत नाही, बाहेरचे प्लास्टिक आवळत जाते, आणि खुंटीच्या भिंतीत कायमचा ताण राहतो. वस्तू कारखान्यातून निर्दोष बाहेर पडते, तपासणीत उतरते, आणि काही महिन्यांनी कोणाचा हातही न लागता खुंटी उभी तडकते. उपाय असा, की पितळ साच्यात ठेवण्याआधी तापवून घ्यायचे आणि भोवतीची भिंत जाड ठेवायची. आता, एवढे ऐकल्यावर ज्या शिक्षकाला बालपणीच्या संस्कारांची उपमा सुचणार नाही तो शिक्षक कसला! थंड तत्त्वे कोवळ्या मुलांभोवती, नव्हे, कोवळी मुले थंड तत्त्वांभोवती, वगैरे वगैरे. ती उपमा वाचकांनी आपापल्या घरी पुरी करून घ्यावी. मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी प्लास्टिकचे साचे तयार करणाऱ्या विभागात काम करतो. गेल्या वर्षी गणपतीत तो घरी आला, मोदक खाल्ले, आणि निघता निघता चपला पायांत घालून तसाच दारात उभा राहिला.

“सर, एक विचारू? तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुम्हाला माणसांतलं कळतं.”

कादंबरीकाराला माणसांतले कळते हा समज प्रकाशकांनीही केव्हाच सोडून दिला आहे. पण विद्यार्थ्यांची श्रद्धा मोडवत नाही. मी म्हटले, “अरे, आत ये आणि बसून बोल.”

त्याचा कारखाना मिक्सरची खोकी तयार करतो. मिक्सरच्या तळाला एक झाकण असते, चार स्क्रूंनी बसवलेले. इतकी वर्षे त्या चार खुंट्यांत पितळी इन्सर्ट बसवले जात. आता स्वस्तातला नवा मिक्सर निघणार होता, आणि मालकाने इन्सर्ट गाळायला सांगितले होते. एका इन्सर्टची किंमत काय? एका चहाच्या पैशांत चारदोन सहज येतील. पण एका मिक्सरला चार, म्हणजे लाख मिक्सरना चार लाख. शिवाय ते बसवणाऱ्या बायांची मजुरी, आणि साच्यामागे जाणारा वेळ.

“मालक वाईट नाहीत, सर,” तो म्हणाला. “बोनस वेळेवर देतात. ते म्हणाले, एक वर्षाची हमी आहे, वर्षात गिऱ्हाईक स्वतः उघडणारच नाही, उघडलं तर हमी जाते. स्क्रू तीनदा तरी धरतोच. म्हणजे आपल्याकडे तक्रार येणारच नाही. यात खोटं काय आहे, सांगा. आणि खोटं नसेल तर मला चैन का पडत नाही?”

त्याला त्या रात्री मी धड उत्तर दिले नाही. चांगला प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नये असे मी वर्गात सांगतो, आणि त्या नियमाचा मला स्वतःलाही उपयोग होतो. पण तो गेल्यावर प्रश्न माझ्यापाशीच राहिला.

आपल्या नीतीच्या चौकटीत पापांची नावे ठरलेली आहेत. खोटे बोलणे, चोरी, भेसळ, मापात मारणे. येथे यांपैकी काहीच नाही. जाहिरातीत पितळ आहे असे कोणी म्हटलेले नाही. मिक्सर ठरलेल्या किमतीला मिळतो, चटणी वाटतो, हमीचे वर्ष पुरे करतो. न्यायालयात उभे केले तर मालक मान ताठ ठेवून बाहेर येईल. मग चैन पडू नये असे काय आहे?

मला वाटते, उत्तर मिक्सरच्या मोटारीत आहे. त्या मोटारीत कार्बनचे दोन लहान तुकडे असतात. फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी ते त्याच्यावर सतत घासत राहतात, आणि घासता घासता संपतात. झिजणे हे त्यांचे कामच आहे. मोटार वाचावी म्हणून ते झिजायचे असतात. याचा अर्थ, तळाचे झाकण केव्हा तरी उघडावे लागणार ही गोष्ट त्या यंत्राच्या जन्मापासून ठरलेली आहे, आणि ती त्या मिक्सरचा आराखडा काढणाऱ्याला पुरेपूर ठाऊक आहे. तो चार स्क्रू लावून सांगतो की, हे उघडता येते. खुंटी मात्र अशी करतो की, ते फार वेळा उघडता येऊ नये. डिंकाने चिकटवले असते तर निदान बोलणे आणि करणे एक झाले असते. स्क्रूचे डोके दाखवून आत आटे टिकू न देणे, हे मला न उच्चारलेल्या असत्यासारखे वाटते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीचा इतका शब्दशः उपयोग आपल्या पूर्वजांना अभिप्रेत नसावा.

तरीही एवढ्याने माझे समाधान झाले नसते. खरी गोष्ट मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे दिसली. पन्नाशीचा माणूस, पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो. त्याच्यासमोर एक बाई मिक्सर घेऊन उभी होती. ती डब्यांसाठी चटण्या आणि वाटणे करून देणारी; दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. तळाचे झाकण एका बाजूने लोंबत होते, मिक्सर लावला की खडखडत होते, आणि आतली वायर दिसत होती.

“मागच्या वेळी तुम्हीच उघडला होतात ना, भाऊ? तेव्हाच बिघडवलेत तुम्ही स्क्रू,” ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. बोलणार तरी काय? त्यानेच उघडला होता हे खरे. त्याच्याच हातात स्क्रू फिरत राहिला हेही खरे. त्याने पैसे न घेता काही तरी ठोकूनठाकून दिले. माझ्या विद्यार्थ्याचा मालक म्हणत होता की, आपल्याकडे तक्रार येणार नाही. ते अगदी बरोबर होते. तक्रार आलीच होती; पण ती ज्याच्याकडे यायला हवी त्याच्याकडे न येता या पत्र्याच्या शेडमध्ये आली होती. पितळेचे चार दाणे गाळून जे पैसे वाचले, त्यांची किंमत अशा माणसाच्या अब्रूतून वसूल झाली, की ज्याला आपल्याकडून काही वसूल होते आहे याचा पत्ताही नव्हता. खोटे बोलण्यात निदान ज्याला फसवायचे त्याच्याशी समोरासमोर तरी यावे लागते. येथे फसवणारा आणि फसलेला यांच्यामध्ये तीन वर्षे आणि तीनशे मैल आहेत, आणि मधे उभा राहून बोलणी खाणारा तिसराच आहे.

हा दुरुस्तीवाला आपल्या कामात किती जपून वागतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे. प्लास्टिकमधला स्क्रू परत घालताना तो आधी उलटा फिरवतो. उलटा फिरवता फिरवता बारीकसा ‘टक’ असा झटका बसतो. म्हणजे स्क्रूचा आटा जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. मग तो सुलटा फिरवायचा, म्हणजे तो जुन्याच वाटेने जातो, नवी वाट कापीत नाही. असे केले तर इन्सर्ट नसलेली खुंटीही पुष्कळ दिवस टिकते. घाईने सरळ पिळणारा दर वेळी नवे आटे कापतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला खुंटीत नुसता चुरा उरतो. ही युक्ती प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाने मुलांना शिकवावी. पण जगातले सगळे हात असे नसतात, आणि तसे ते असतील असे गृहीत धरून वस्तू करणे हे आपल्या वाटचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासारखे आहे.

मालकाचे म्हणणे मात्र मी झटकून टाकणार नाही. जिने अर्धे आयुष्य पाट्यावर वरवंटा ओढण्यात घालवले, खांदे धरले तरी सासरच्या पन्नास माणसांचे वाटण केले, तिला दोनशे रुपये कमी पडतात म्हणून मिक्सर मिळू नये असे म्हणणारा मी कोण? स्वस्त वस्तूला नाक मुरडणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. ज्या वस्तू कोणाला कधी उघडाव्या लागणार नाहीत त्यांत पितळ घालणे हा निव्वळ डामडौल होय. काही वस्तू उघडता येऊच नयेत हे बरे. मोबाइलच्या चार्जरचे कवच पुष्कळदा वितळवून एकजीव केलेले असते, ते योग्यच आहे. आत २३० व्होल्टची वीज खेळत असते आणि घरात जिज्ञासू मुले असतात. तेव्हा इन्सर्ट म्हणजे सद्गुण आणि डिंक म्हणजे दुर्गुण असा सरसकट निवाडा करता येणार नाही. प्रश्न इतकाच, की जे झिजणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट आपण टिकाऊ ठेवली की नाही.

पितळेच्या विरुद्ध आणखीही एक साक्ष आहे, आणि ती देणारा भंगारवाला आहे. जुने प्लास्टिक दळून पुन्हा वापरायचे तर त्यात धातू नको असतो. दळणाऱ्या यंत्राची पाती त्याने खराब होतात. लोखंडी स्क्रू चुंबकाने ओढून घेता येतो. पितळेला चुंबक लागत नाही. म्हणून कोणी तरी हातोडी घेऊन एकेक खुंटी फोडत बसतो. म्हणजे जे पितळ वस्तूचे आयुष्य वाढवते तेच तिच्या मरणानंतर अडचण होते. शिवाय यंत्रावर झटपट कापता यावे म्हणून या पितळेत तीन टक्क्यांच्या आसपास शिसे मिसळलेले असते. त्याने कापताना निघणाऱ्या सळ्या लांब न होता बारीक तुटतात. युरोपच्या २०११ च्या नियमावलीत विजेच्या वस्तूंतल्या शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली गेली, पण तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत सवलत दिली गेली, ती याच सोयीपोटी. जामनगरमध्ये पितळेचे सुटे भाग करणारे हजारो लहान कारखाने आहेत. भंगार पितळ तेथे वितळते, कांबी होतात, आणि त्या कांबींतून तुरीच्या दाण्याएवढे हे इन्सर्ट ढिगांनी पडतात. तेथल्या कामगाराच्या फुप्फुसांचा विचार आपल्या टिकाऊ मिक्सरच्या कौतुकात कोठे बसतो, हाही प्रश्न आहेच. मला एवढेच दिसते, की दहा वर्षे चाललेल्या एका मिक्सरचे भंगार फोडणे हे दहा वर्षांत फेकलेल्या चार मिक्सरांचे भंगार वेचण्यापेक्षा हलके आहे.

सरकारांनाही अलीकडे हा प्रश्न सुचू लागला आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही यंत्रांवर, ती किती दुरुस्त करता येतात याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले, आणि त्या गुणांत वस्तू किती सहज उघडते हाही एक भाग होता. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शिक्षक असल्यामुळे गुण देण्यावर माझी श्रद्धा आहे, आणि गुणांसाठी अभ्यास कसा होतो हेही मला ठाऊक आहे. कायदा स्क्रू मोजू शकेल. त्या स्क्रूखाली काय आहे हे पाहायला मात्र वस्तू फोडावी लागते.

महिन्याभराने तो विद्यार्थी पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले. इतक्या शब्दांत नव्हे. तो ऐकत राहिला. त्याने तोवर आपल्या परीने एक टिपण करून मालकापुढे ठेवले होते. नाव आणि नक्षी असलेली पुढची पट्टी दोन इन्सर्टांवर बसत होती. ती पट्टी कोणी कधी काढणार नाही, म्हणून तेथले इन्सर्ट काढून टाकावेत आणि तळाचे चार ठेवावेत, असे त्याचे म्हणणे. मालकाने टिपण वाचले, शाबासकी दिली, पुढचे दोन काढले, आणि तळाचे चार महागड्या मिक्सरात ठेवून स्वस्त मिक्सरातून काढले.

“म्हणजे ज्याला नवा घेणं परवडतं त्याचा दुरुस्त होणार,” तो म्हणाला, “आणि ज्याला परवडत नाही त्याचा नाही.”

त्याने नोकरी सोडावी असे मला वाटले नाही आणि तसे मी सुचवलेही नाही. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत, आणि त्याच्या जागी येणारा माणूस टिपण लिहिणारा असेलच असे नाही. सोडून जाण्याचा सल्ला देणे कादंबरीकाराला सोपे असते, कारण त्याच्या नायकाचा पगार त्याला द्यावा लागत नाही. स्वस्त मिक्सरच्या खुंट्यांची भिंत मात्र त्याने आपल्या अखत्यारीत थोडी जाड करून घेतली. तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

मग तो त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. त्याने शहरातल्या बाजारातून इन्सर्टची एक पिशवी विकत आणली होती. ती दुरुस्तीवाल्यापुढे ठेवून, आटे गेलेल्या खुंटीत आयर्नने इन्सर्ट कसा उतरवायचा ते त्याने दाखवले. दुरुस्तीवाल्याने पहिला वाकडा घातला, दुसरा बुडवला, तिसरा बरोबर बसला. आता तो एका खुंटीचे वीस रुपये घेतो, आणि काम झाल्यावर स्क्रू दोनदा काढून घालून गिऱ्हाइकाला दाखवतो. चटण्यांच्या बाईचा मिक्सर त्याने यंदा नवरात्राच्या आधीच करून दिला. पण सगळ्याच वस्तूंना हे साधत नाही. खुंटीची भिंत फार पातळ असली तर पितळ आत उतरता उतरताच ती उभी तडकते. मग तो पूर्वीसारखे एम-सील भरतो, झाकण दाबून बसवतो, आणि बाईंना सांगतो की, आता हा पुन्हा उघडायचा नाही.